ताईचं चित्र वाळत नाही

सकाळी ताईच्या खोलीत गेले, चित्र कडेने धरून उचलायला वाकले आणि माझी चारही बोटं काळी झाली. परवापर्यंत या चित्रात आईच्या पाठीमागे तपकिरी भिंत होती, ठणठणीत कोरडी. आता भिंतीच्या जागी काळोख होता आणि तो लोण्यासारखा मऊ होता.

"हे काय करून ठेवलंस?"

"तपकिरी खटकत होता," ताई म्हणाली. ती ब्रश धूत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

माझं टाळकं सटकलं. मी पाट्या रंगवते, दुकानांच्या, दवाखान्यांच्या, 'येथे वाहन लावू नये'च्या. माझा रंग सकाळी लावला की संध्याकाळी पाटी खिळ्यावर चढते. ताईचं सगळं तैलरंगात, आणि तैलरंगाला कुठे जायची घाई नसते. ते एक वेळ मी समजू शकते. पण घाई आम्हाला होती, आणि ती ताईला माहीत होती.

आमच्याकडे दरवर्षी नव्या चित्रकारांचं एक मोठं प्रदर्शन भरतं. त्यात एकदा चित्र लागलं की लोक तुम्हाला चित्रकार म्हणतात. तोवर तुम्ही चित्रकलेच्या बाई, आणि ताई शाळेत चित्रकलेच्या बाईच होती. प्रदर्शनाला वयाची अट आहे. पुढच्या वर्षी ताई त्या अटीत बसणार नव्हती. चित्रं त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंतच घेणार होते, आणि ओलं चित्र ते घेत नाहीत. ताईने आजवर तिथे एकही चित्र दिलं नव्हतं. दरवर्षी ऐन वेळी तिला काहीतरी खटकायचं, ती ते पुन्हा रंगवायची आणि चित्र ओलं म्हणून घरी राहायचं. एका वर्षी बाही खटकली, एका वर्षी खिडकी. यंदा भिंत.

"काळ्यात तेल कुठलं घातलंस?" मी विचारलं.

"अक्रोडाचं."

मी खाली स्टुलावर बसले. काळा रंग मुळातच वाळायला आळशी, त्यात अक्रोडाचं तेल म्हणजे आळशाला उशी दिल्यासारखं. आठवडा लोटला तरी तो जागचा हलला नसता.

आई चहाचा कप घेऊन दारात आली. चित्र तिचंच होतं. कित्येक रविवार ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती आणि दर रविवारी पाठ धरल्याची तक्रार करत होती. तिने माझी बोटं पाहिली, ताईचा चेहरा पाहिला आणि कप ठेवून आत गेली. परत आली ती केस वाळवायचं यंत्र घेऊन.

"आई, नको!" ताई ओरडली. "ते कपडे नाहीत. कपड्यातलं पाणी उडून जातं, तेल उडत नाही. ते हवा पिऊन घट्ट होतं. गरम वारा मारलास तर वरची साय वाळेल, आत ओलंच राहील."

"मग पाजा त्याला हवा," आई म्हणाली. "मला काय, मी आपली मदत करायला आले."

हवा पाजायचं ठरलं. चित्र खिडकीपाशी नेलं, कारण उजेडात तेल लवकर धरतं. पंखा लांब ठेवला आणि त्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं. हवा खेळायला हवी होती, पण धूळ उडायला नको होती. खोली जेमतेम उबदार राहील इतपत हीटर लावला. आईला ताकीद दिली की चादर झटकायची नाही, उशी आपटायची नाही आणि शक्यतो जोरात बोलायचंही नाही. "श्वास घेऊ ना?" तिने विचारलं.

मध्येच मी कापूस लावून पाहिला. प्रदर्शनाची चित्रं ज्या खिडकीवर घेतात तिथे तशीच परीक्षा असते. कापसाचा पातळ पुंजका रंगावरून अलगद ओढतात. तंतू चिकटले की चित्र ओलं. आमचा पुंजका सगळाच्या सगळा चिकटला. आईच्या खांद्यामागच्या काळोखाला पांढरी दाढी आली. ताई चिमट्याने एकेक तंतू वेचत बसली आणि मी तिला नको नको ते बोलले. माझ्या तोंडाला अशा वेळी दार नसतं.

दातांच्या डॉक्टरांची पाटी पोचवायची होती, म्हणून मी बाहेर पडले. कामात लक्ष नव्हतं. पाटी टांगली तीही तिरकी, मग उतरवून पुन्हा टांगली. घरी परत आले तेव्हा दुपार झाली होती. खोलीत शिरले, कापूस घेतला, भीत भीत कोपऱ्यावरून ओढला. तो सरळ सरकून आला. एक तंतू चिकटला नाही.

"वाळलं!" मी किंचाळले. आईला मिठी मारली, तिचा चष्मा माझ्या गालात रुतला. "ताई, वाळलं ग!"

ताई कपाटाला टेकून उभी होती. तिच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. मग मला वास आला. नुसता टर्पेंटाइनचा नव्हता, त्यात आणखी एक उग्र वास मिसळला होता. मी चित्राच्या जवळ गेले. आईच्या कानामागे काळ्या रंगाला सुरकुत्या पडायला लागल्या होत्या. दुधावरची साय बोटाने लोटावी तशा. माझ्या डोळ्यांदेखत एक सुरकुती गालाच्या दिशेने थोडी लांबली.

"औषध लावलंस?" मी विचारलं.

रंग लवकर वाळवायचं एक द्रव मिळतं, त्याला आमच्या घरात औषध म्हणतात. लावताना ते रंगात थेंबभर मिसळतात. थेंबभरच. ताई शाळेत पोरांना घसा फोडून सांगते की जास्त घालू नका आणि ओल्या रंगावर वरून तर मुळीच फासू नका, वरचा पापुद्रा कडक होईल, आतलं ओलं राहील, आणि चित्राचं वाटोळं होईल.

"वरून फासलं," ती म्हणाली. "मोठ्या ब्रशने."

"तू?"

"हो, मी. ओरड आता."

पण मला ओरडता येईना. जी बाई आईला केसांचं यंत्र लावू देत नाही, तिने दोन तासांत त्याच्यापेक्षा वाईट करून ठेवावं, म्हणजे ती किती घाबरली असेल! मला पहिल्यांदाच तिची भीती अंगावर आली. वर कडक पापुद्रा आणि खाली मऊ रंग. टॅक्सीत एक धक्का बसला असता तर सगळं फाटून आईच्या चेहऱ्यावर आलं असतं.

"खरवडून काढ," मी म्हणाले.

"काय?"

"काळा. सगळा. खाली तपकिरी भिंत आहे ना, वाळलेली? तिच्यापर्यंत जा."

ताईने चित्रासमोर हात आडवा धरला. "नाही. हा काळा मला पहिल्यांदा जमलाय. इतकी वर्षं जमत नव्हता."

"जमलाय, पण ओला जमलाय! पाचला खिडकी बंद होते. पुढच्या वर्षी तुला आत कोण घेणार आहे?"

"हात लावलास तर बघ."

आम्ही लहानपणी भांडायचो तशा उभ्या होतो, नाकाला नाक लावून. आई उठली. तिने चष्मा पुसला आणि बराच वेळ चित्र पाहिलं. आपलं चित्र ती नीट पाहत नसे, तिला लाज वाटायची.

"छान आहे काळा," ती म्हणाली. "अंधारातून मी कुणाला तरी हाक मारायला बाहेर आलेय असं वाटतं. पण बयो, घरात बसून कुणाला हाक मारू? मला तिकडे पाठवणार होतीस ना?"

ताईने डोळे मिटले. मग टेबलावरची पॅलेट नाइफ, रंग कालवायची बोथट सुरी, उचलली.

पुढचं काम मी श्वास रोखून पाहिलं. ताईने नाइफ आडवी धरली आणि कडेकडून आत खरवडायला सुरुवात केली. पापुद्रा पट्ट्यापट्ट्यांनी निघाला, त्याच्याबरोबर खालचा मऊ काळाही आला. मी पट्ट्या जुन्या ताटात गोळा करत होते. मग उरलेल्या रंगावर वर्तमानपत्राचा कागद पसरायचा, तळव्याने घासायचा आणि हळूच सोलून काढायचा. कागद तेल ओढून घेतो. एक कागद, दुसरा, तिसरा. प्रत्येक कागदावर आईच्या डोक्याची पांढरी जागा उलटी उमटत होती. शेवटी टर्पेंटाइनमध्ये भिजवून घट्ट पिळलेलं फडकं. केसांपाशी आणि कानापाशी ताईने बोटाएवढी नाइफ घेतली. चेहरा तिने केव्हाच रंगवून पूर्ण केला होता, तो कडक वाळलेला होता. पण एक हात चुकीचा बसला असता तर कानाची पाळी गेली असती. ताईच्या कपाळावरचा घाम मी माझ्या बाहीने टिपला, कारण तिला हात मोकळा नव्हता.

रंग लवकर वाळवायचा खात्रीचा उपाय आम्हाला सापडला तो असा, तो काढूनच टाकायचा. जुनी तपकिरी भिंत वर आली. कॅनव्हासच्या विणीत काळा जिथे जिथे अडकला होता तिथे ती जरा मळकट दिसत होती. अर्ध्या तासाने मी कापूस फिरवला. डावीकडे, उजवीकडे, कानामागे. स्वच्छ.

"चला," मी म्हणाले. "मी टॅक्सी बघते. आई, शाल घे. ताई, तू कशालाही हात लावू नकोस."

टॅक्सी कोपऱ्यावरच मिळाली. मी धावत वर आले तर ताई चित्रासमोर वाकलेली, हातात अगदी बारीक ब्रश, टोकाला पांढरा रंग.

"ताई, नको!"

पण लावून झालं होतं. आईच्या उजव्या डोळ्यात एक ठिपका. दुसरा डोळा सावलीत होता, हाच एक उजेडात. काळ्यावर आईचा चेहरा आपोआप उजळ दिसत होता, तपकिरीवर तो मिटून गेला होता. त्या ठिपक्याने तो पुन्हा जागा झाला. मला रागही आला आणि मान्यही करावं लागलं. चित्रातली आई बघायला लागली होती. रंग मात्र टाचणीच्या डोक्यासारखा वर आलेला, जाड आणि ओला. मी त्याच्यावर वेड्यासारखी फुंकर मारली.

"इतक्याशा ठिपक्याला कोण कापूस लावतंय?" ताई म्हणाली.

टॅक्सीत मी आणि ताई मागे बसलो. चित्र दोघींनी कडांनी धरलं होतं, चेहरा आमच्यापासून लांब. प्रत्येक खड्ड्याला मी चित्र वर उचलून धरत होते. चालकाने आरशात बघून विचारलं, "कोण आहेत चित्रात?"

"मीच," पुढे बसलेली आई म्हणाली. "पोरींनी सकाळपासून वाळत घातलंय."

इमारतीच्या दारात रांग होती, पण आता आखूड झालेली. आई बाहेर बाकावर बसली, तिच्याने उभं राहवत नाही. आम्ही दोघी आत गेलो. खिडकीमागे एक चष्मेवाल्या बाई होत्या, समोर कापसाचा डबा. आमच्या पुढच्या तरुणाच्या चित्राला त्यांनी एकदाच कापूस फिरवला आणि ते घेतलं. माझ्या जिवात जीव आला. वाटलं, दिवसभराच्या दमल्या आहेत, आमचंही असंच होईल.

आमचं चित्र त्यांनी टेबलावर आडवं ठेवलं आणि बघत राहिल्या. "फार छान आहे हो," त्या म्हणाल्या, आणि म्हणूनच त्यांनी सावकाश पाहिलं. कोपरे, भिंत, खांदा, केस. कापूस स्वच्छ येत होता. गाल. मी ताईचा हात धरला. बाईंनी चित्र उजेडाला तिरकं धरलं. ठिपका चमकला. त्यांनी कापसाचं टोक डोळ्याला अगदी हलकेच टेकवलं. एक तंतू तिथेच राहिला.

"हे ओलं आहे."

"ठिपकाच आहे तो," मी म्हणाले.

"ठिपकाच आहे, पण आज रात्री ही चित्रं आत एकमेकांना टेकवून ठेवणार आहेत. तो दुसऱ्याच्या चित्रावर जाईल." त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी टर्पेंटाइनची बाटली आणि कापसाचा बोळा पुढे सरकवला. "पुसून द्या, मी लगेच घेते. नंतर मात्र आत हात लावता येणार नाही. उद्या निवडीला ते आहे तसंच जाईल."

"नको," ताई म्हणाली. "राहू द्या. घेऊन जाते मी."

ती हे फार पटकन म्हणाली. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं होतं ती रडकुंडीला आली असेल. तिचे खांदे खाली आले होते, कपाळावरची आठी गेली होती. तिने इतका मोठा श्वास सोडला की मला ऐकू आला. बाहीच्या वर्षीही ती घरी अशीच दिसली होती, आणि खिडकीच्या वर्षीही. मी दरवर्षी तिची समजूत घालायला जायचे, आणि दरवर्षी तीच उलट मला म्हणायची, जाऊ दे ग, पुढच्या वर्षी.

मी चित्र उचललं, बोळा उचलला आणि तिला ओढत बाजूला, भिंतीपाशी नेलं.

"तुला सुटल्यासारखं वाटलं," मी म्हणाले.

"काहीतरी बोलू नकोस."

"वाटलं! मी बघितलं. ताई, तू हे चित्र वाळूच देत नाहीस."

"ठिपका हवाच होता," ती म्हणाली. "तुलाही दिसलं. खोटं नाही ते."

"नाही, खोटं नाही. काळाही खोटा नव्हता. पण तो परवाच का सुचला?"

"मला माहीत नाही." मग अगदी हळू आवाजात, "ओलं आहे म्हणून परत आलं तर चालतं ग मला. चांगलं नाही म्हणून परत आलं तर मी काय करू?"

मला तिला हलवून काढावंसं वाटलं आणि पोटाशी धरावंसंही वाटलं. माझ्या एका हातात चित्र, दुसऱ्या हातात बोळा. एक पुसणं, बस. पाटीवरचं चुकलेलं अक्षर मी रोज पुसते. मी बोळा डोळ्यापर्यंत नेला. ताईने मला अडवलं नाही. ती बघत राहिली, जणू मीच ते उरकून टाकावं म्हणून वाट बघत होती. आणि तिथेच माझा हात थांबला. मी पुसलं असतं तर चित्र आत गेलं असतं, आणि ते परत आलं असतं तर दोष माझ्या बोटाचा ठरला असता. ताई पुन्हा सुटली असती.

मी चित्र तिच्या हातात दिलं, वर बोळा ठेवला.

"तुझं चित्र, तूच बघ," मी म्हणाले. "आणायचं तर घरी आण. मी एक शब्द बोलणार नाही. पण मी पुसणार नाही."

आणि मी तिला तिथे एकटीला सोडून बाहेर आले.

आईने मला एकटीला पाहिलं. "घेतलं?"

"ओलं निघालं. डोळा."

"मग?"

"मग माहीत नाही."

आम्ही बाकावर बसलो. आतून माणसं रिकाम्या हातांनी बाहेर येत होती, हसत, फोनवर बोलत. एक जण चित्र बगलेत धरूनच परत आला आणि कुणाकडेही न बघता निघून गेला. पाचला अवकाश होता, मग फार नव्हता, मग मी घड्याळाकडे बघणं सोडून दिलं. दोनदा उठले, दोनदा आईने मला पदराला धरून खाली बसवलं. पहारेकऱ्याने दाराचं एक कवाड लोटलं. मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या. एकदा पुसायचं काम होतं, मी कसली तत्त्वं सांगत बसले होते? ताईची शेवटची संधी आणि मला शहाणपण सुचलं होतं!

पहारेकऱ्याने दुसऱ्या कवाडाला हात घातला तेव्हा ताई बाहेर आली.

तिच्या हातात चित्र नव्हतं. हात कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं, ते अजून कडा धरल्यासारखेच पुढे होते. ती आमच्यासमोर येऊन उभी राहिली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली.

"पुसला," ती म्हणाली. "आई, तुझा डोळा विझवून आले मी. आत ठेवलंय तुला तशीच. उद्या सगळे बघतील. वाईट आहे म्हणतील."

आईने तिचे दोन्ही हात धरून खाली घेतले.

"म्हणू देत," ती म्हणाली. "आजवर दरवर्षी चित्र घरातच ठेवायचीस. आज रिकामी आलीस, हेच पुष्कळ झालं."

ताई तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडत राहिली. मी टॅक्सी बघायला रस्त्यावर गेले, कारण मलाही रडू येत होतं आणि ते मला त्या दोघींना दाखवायचं नव्हतं.